उंबरठ्यावरची इंग्रजी

अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा इंग्रजीभाषक देशांतील पुष्कळ कॉलेजे आणि विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीचे स्वतंत्र अभ्यासक्रम चालवतात. गणित किंवा रसायनशास्त्रात पारंगत असलेला, परंतु ज्याची इंग्रजी व्याख्यान समजण्याइतकी पक्की नाही असा विद्यार्थी मूळ पदवीच्या वर्गात बसण्याआधी या वर्गात बसतो. अमेरिकेत अशा अभ्यासक्रमाला ‘इंटेन्सिव्ह’ म्हणजे सघन अभ्यासक्रम म्हणतात, कारण दिवसाचा मोठा भाग त्यात केवळ भाषाच शिकवली जाते. ब्रिटनमध्ये पदवीचे सत्र सुरू होण्यापूर्वीचे काही आठवडे हा अभ्यास करवून घेतात, म्हणून तेथे त्याला ‘प्री-सेशनल’, म्हणजे सत्रपूर्व, असे नाव आहे. ज्यांना प्रवेश मिळाला आहे पण लेखनात अडचण येते त्यांच्यासाठी सत्र चालू असतानाही काही तासिका घेतल्या जातात. आपल्याकडे तालुक्याच्या बसस्थानकासमोरही ज्यांची पाटी दिसते त्या ‘इंग्लिश स्पीकिंग’च्या वर्गांशी या अभ्यासक्रमांचे नाते दूरचे आहे. त्या वर्गांना बोलण्याची भीड मोडायची असते, तर कॉलेजातल्या या वर्गांना एक विशिष्ट व्यवहार शिकवायचा असतो आणि तो व्यवहार म्हणजे विद्यापीठ.

ही गोष्ट शिक्षकांच्याही लक्षात यायला बराच काळ गेला. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात १९४१ मध्ये चार्ल्स फ्राइज यांनी इंग्लिश लँग्वेज इन्स्टिट्यूट ही संस्था उभी केली आणि परदेशी विद्यार्थ्यांना शास्त्रीय पद्धतीने इंग्रजी शिकवणारी त्या देशातील ती पहिली संस्था मानली जाते. आरंभीचे विद्यार्थी लॅटिन अमेरिकेतून आले होते. दुसरे महायुद्ध पेटलेले असताना दक्षिणेकडील शेजाऱ्यांशी सख्य राखण्याच्या अमेरिकी धोरणाला अशा वर्गांची गरज होती, म्हणजे या विषयाच्या जन्मापासूनच त्याला परराष्ट्रनीतीचा वास आहे. फ्राइज यांची पद्धत घोटून घेण्याची होती. भाषा म्हणजे सवयींचा संच असून वाक्याचे साचे तोंडात बसेपर्यंत म्हणून घेतले की ती सवय लागते, असा त्यामागचा विश्वास होता. शिक्षक ‘शिप’ आणि ‘शीप’ अशी एकाच ध्वनीने वेगळी होणारी शब्दजोडी म्हणायचा, वर्ग ती एका सुरात परत म्हणायचा. पुढच्या काळात हेच काम भाषा-प्रयोगशाळेतील ध्वनिफितींकडे आले.

फ्राइज यांच्यानंतर संस्थेची सूत्रे रॉबर्ट लाडो यांच्याकडे आली. लाडो जन्माने अमेरिकन असले तरी त्यांचे बालपण आईवडिलांच्या मायदेशी, स्पेनमध्ये गेले आणि विशीत अमेरिकेला परतल्यावर ते इंग्रजी शिकले. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लिंग्विस्टिक्स अक्रॉस कल्चर्स’ या पुस्तकात त्यांनी अशी मांडणी केली की विद्यार्थ्याची मातृभाषा आणि शिकायची भाषा शेजारी ठेवून पाहिल्या तर तो कोठे अडखळेल हे आधीच सांगता येते. या पद्धतीला व्यतिरेकी विश्लेषण म्हणतात. मराठी भाषकाला ती लावून पाहिली तर तिचे बळही कळते आणि मर्यादाही. मराठीत शब्दारंभीचा ‘प’ अल्पप्राण आहे, म्हणजे तो उच्चारताना हवेचा झोत बाहेर पडत नाही. इंग्रजीत मात्र शब्दाच्या सुरुवातीचा हाच ध्वनी जवळजवळ आपल्या महाप्राण ‘फ’सारखा, ओठ मिटून हवेच्या झोतासह उच्चारला जातो. परिणामी मराठी विद्यार्थ्याने स्वच्छ म्हटलेला ‘पॅक’ इंग्रजी कानाला ‘बॅक’ वाटण्याचा संभव असतो, आणि आपण चुकलो कोठे हे बोलणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ यांचे आरंभीचे ध्वनी तर मराठी तोंडात एकाच ‘व’मध्ये मिसळून जातात. ‘अ’ आणि ‘द’ ही इंग्रजी उपपदे मराठीत नाहीतच. ‘माणूस आला’ या वाक्यातला माणूस ओळखीचा की अनोळखी हे मराठी माणसाला संदर्भावरून कळते, इंग्रजीत ते प्रत्येक वेळी उपपदाने सांगावे लागते. म्हणून वर्षानुवर्षे उत्तम इंग्रजी लिहिणाऱ्यांच्या मजकुरातही ‘द’ एखाद्या चुकार गुरासारखे भलत्याच ठिकाणी सापडते.

परंतु प्रत्यक्ष वर्गात असे दिसले की ज्या चुकांचे भाकीत केले होते त्यांतल्या अनेक होत नव्हत्या आणि न सांगितलेल्या होत होत्या. त्यातच १९५९ मध्ये भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या भाषाविषयक पुस्तकाचे कठोर परीक्षण लिहून भाषा म्हणजे सवय या कल्पनेच्या मुळावरच घाव घातला. त्याहून व्यावहारिक अडचण अशी होती की साचे घोटलेला विद्यार्थी दुकानात, बसमध्ये, वसतिगृहात छान बोलत असे आणि सहामाही परीक्षेत नापास होत असे.

या कोड्याचे सर्वांत उपयोगी स्पष्टीकरण कॅनडातील शिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये दिले. त्यांनी भाषेच्या प्रभुत्वाचे दोन थर मानले. पहिला थर रोजच्या बोलण्याचा, जेथे समोरच्याचा चेहरा, हातवारे आणि प्रसंग हे अर्थ लावायला मदत करतात. दुसरा थर अभ्यासाच्या भाषेचा, जेथे यांपैकी कशाचाही आधार नसतो, कागदावर फक्त शब्द असतात आणि अर्थ पूर्णपणे त्यांतूनच काढावा लागतो. स्थलांतरितांच्या मुलांच्या अभ्यासातून असे आढळले की पहिला थर साधारण दोन वर्षांत हाती येतो, दुसऱ्याला मात्र पाच ते सात वर्षे लागू शकतात. कॉलेजातील सघन अभ्यासक्रमाचा सारा पेच या आकड्यांत आहे, कारण त्याच्या हाती वर्षे नसतात, काही आठवडे किंवा फार तर काही सत्रे असतात. सगळी इंग्रजी शिकवण्याचा नाद सोडून विद्यापीठात लागते तेवढीच शिकवावी, हा विचार हे आकडे येण्याआधीच १९७०च्या दशकात बळावला आणि ‘इंग्लिश फॉर अकॅडेमिक पर्पजेस’, म्हणजे विद्याभ्यासाची इंग्रजी, ही स्वतंत्र शाखा उदयाला आली. ब्रिटनमधील या शिक्षकांची संघटना १९७२ मध्ये स्थापन झाली आणि पुढे ‘बालीप’ या नावाने ओळखली जाऊ लागली.

लागते तेवढी म्हणजे नेमकी किती, याचे उत्तर शब्दांच्या बाबतीत तरी मोजून काढता आले. मायकेल वेस्ट या इंग्रज शिक्षकाने ब्रिटिश अमदानीत ढाक्याला काम करताना वाचनासाठी अत्यावश्यक शब्द निवडण्याचा ध्यास घेतला होता आणि १९५३ मध्ये त्याची सुमारे दोन हजार सर्वोपयोगी शब्दांची यादी प्रसिद्ध झाली. त्या यादीच्या पलीकडे पाहण्याचे काम न्यूझीलंडमधील अॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये केले. कला, वाणिज्य, विधी आणि विज्ञान या शाखांतील सुमारे ३५ लाख शब्दांचा मजकूर संगणकावर घेऊन वेस्टच्या यादीत नसलेले, पण सर्व शाखांत वारंवार येणारे शब्द त्यांनी वेगळे काढले. अशी ५७० शब्दकुले निघाली. शब्दकुल म्हणजे एका मुळापासून निघालेले सगळे शब्द. ‘अॅनलाइज’, ‘अॅनालिसिस’, ‘अॅनलिस्ट’, ‘अॅनालिटिकल’ हे सगळे मिळून एक कुल. विद्यापीठीय मजकुरातील सुमारे दहा टक्के शब्द या ५७० कुलांतले असतात, तर कथाकादंबऱ्यांत त्यांचे प्रमाण दीड टक्काही भरत नाही. सिनेमे पाहून इंग्रजी शिकलेला विद्यार्थी पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानावर का थबकतो, ते या दोन आकड्यांवरून समजते.

यादी पाठ करून मात्र भागत नाही, कारण शब्दांच्या सोयरिकी ठरलेल्या असतात. मराठीत निर्णय घेतात आणि निश्चय करतात. निश्चय घेतला असे कोणी म्हणत नाही, आणि का म्हणत नाही हे व्याकरणाच्या कोणत्याही नियमाने सांगता येत नाही. तसेच इंग्रजीत ‘रिसर्च’ या नामाबरोबर ‘डू’ किंवा ‘कंडक्ट’ हे क्रियापद जुळते, ‘मेक’ जुळत नाही. या सोयरिकींना सहप्रयोग म्हणतात आणि चांगल्या वर्गात शब्द एकटा न शिकवता त्याच्या गोतावळ्यासह शिकवला जातो.

व्याख्यान ऐकण्याचा तास हा या अभ्यासक्रमातील कदाचित सर्वांत पाहण्याजोगा भाग. प्राध्यापक बोलतो ते सारे लिहून घेऊ पाहणारा विद्यार्थी तिसऱ्या वाक्याला मागे पडतो आणि मग त्याची वही कोरीच राहते. म्हणून शिक्षक आधी व्याख्यानातील खुणेचे शब्द ओळखायला लावतात. ‘देअर आर थ्री रीझन्स’ हे शब्द कानी पडले की वहीत डावीकडे तीन आकडे मांडून जागा सोडायची. ‘ऑन द अदर हँड’ आले की पानाच्या मधोमध रेघ ओढायची, कारण आता विरुद्ध बाजू येणार. ‘बाय द वे’ आले की लेखणी खाली ठेवायची, कारण पुढचे परीक्षेत नाही. वरवर पाहता ही युक्ती क्षुल्लक आहे. पण मूळ इंग्रजी भाषक विद्यार्थी हे सारे नकळत करत असतो आणि परक्याला ते कोणी तरी उघड सांगावे लागते. ‘ऑफिस अवर्स’ या शब्दाचेही तसेच आहे. प्राध्यापक आठवड्यातील काही तास विद्यार्थ्यांना भेटण्यासाठी राखून ठेवतात, त्याला हा शब्द आहे. परंतु अनेक परदेशी विद्यार्थी त्याचा अर्थ कचेरीच्या कामकाजाची वेळ असा घेऊन त्या वेळेत तिकडे फिरकतच नाहीत, किंवा सरांकडे जाणे म्हणजे आपले अपयश कबूल करणे असे समजून संकोचतात. हा धडा कोणत्याही शब्दकोशात नाही.

खरी झटापट निबंधाशी होते. इंग्रजी विद्यापीठीय निबंधात लेखकाचा दावा पहिल्याच परिच्छेदात यावा, प्रत्येक परिच्छेदाने एकच मुद्दा उचलावा आणि वाचकाला शोधाशोध करायला लावू नये, अशी अपेक्षा असते. परदेशी विद्यार्थ्यांचे निबंध या अपेक्षेत बसत नाहीत हे पाहून अमेरिकी अभ्यासक रॉबर्ट कापलान यांनी १९६६ मध्ये एक लेख लिहिला आणि त्यात भाषासमूहांच्या विचारपद्धतीच्या चक्क आकृत्या काढल्या. इंग्रजीची सरळ खाली येणारी रेघ, पौर्वात्यांचे भोवरे, रोमान्स भाषांची वळणे. आकृत्या गाजल्या, आणि पुढे तितक्याच बदनामही झाल्या, कारण साऱ्या आशियाला एका भोवऱ्यात बसवणे हा विचार कमी आणि समज अधिक होता. यमुना काचरू यांच्यासारख्या अभ्यासकांनी हिंदी आणि भारतीय इंग्रजी लेखनाचे दाखले घेऊन या मांडणीवर आक्षेप घेतले. मराठीतून पाहू गेल्यासही ती टिकत नाही. नारदीय कीर्तनात बुवा आधी निरूपणाचे पद समोर ठेवतात, पूर्वरंगात त्याचा अर्थ उलगडतात, उत्तररंगातले आख्यान त्याच्या दृष्टांतादाखल सांगतात आणि शेवटी मूळ पदावर परततात. दावा आधी, पुरावा नंतर हा क्रम तेथे शतकानुशतके चालत आलेला आहे. मध्ये कितीही फिरून येण्याची मुभा मात्र आहे. कापलान यांनी याची कोणती आकृती काढली असती, कोण जाणे.

या वादातून सुटका करणारा मार्ग जॉन स्वेल्स यांनी दाखवला. सुदानमधील खार्टूम येथे शिकवून आलेले स्वेल्स पुढे मिशिगनच्या त्याच संस्थेचे संचालक झाले. माणसे कशी विचार करतात हा प्रश्न बाजूला ठेवून, एखाद्या लेखनप्रकारात लेखक प्रत्यक्ष काय करतात ते पाहावे, असे त्यांचे म्हणणे होते. अनेक प्रास्ताविके तपासणाऱ्या संशोधनाच्या आधारे १९९० मधील आपल्या ग्रंथात त्यांनी शोधनिबंधाच्या आरंभाचे तीन टप्पे सांगितले: प्रथम विषयाचे क्षेत्र आखायचे, मग त्यात अजून मोकळी राहिलेली जागा दाखवायची आणि शेवटी ती जागा आपण व्यापायची. शेताच्या बांधासारखी ही उपमा आहे आणि ती वर्गात चटकन पटते. विद्यार्थ्याला आपल्याच शाखेतील एखादा लेख देऊन ‘मोकळी जागा’ दाखवणारे वाक्य शोधायला लावले, की ‘हाउएव्हर’ हा शब्द तेथेच का असतो ते त्याचे त्यालाच दिसते.

त्याच ओघात सावध विधान शिकवले जाते. प्रयोगाचा निष्कर्ष लिहिताना नवखा विद्यार्थी ‘सिद्ध झाले’ या अर्थाचे क्रियापद वापरतो, मुरलेला संशोधक ‘सूचित होते’ असे लिहितो. ज्या शिक्षणपरंपरेत ठामपणा हाच ज्ञानाचा पुरावा मानतात तेथून आलेल्यांना हे बोटचेपेपण वाटते. वाङ्मयचौर्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. पाठांतर आणि थोरांची वचने जशीच्या तशी उद्धृत करणे हा जेथे आदराचा प्रकार आहे, तेथील विद्यार्थ्याला दुसऱ्याचे वाक्य नाव न देता घेणे हा गुन्हा का, हे पटवून द्यावे लागते, आणि नियमावलीचा कागद हाती देऊन ते होत नाही. परिच्छेद वाचून, पुस्तक मिटून, त्याचा आशय स्वतःच्या शब्दांत लिहिण्याचा सराव म्हणूनच आठवडेच्या आठवडे चालतो.

या वर्गाच्या दाराशी परीक्षा उभी असते. केंब्रिजने १९१३ मध्ये परकीयांसाठी इंग्रजीची पहिली परीक्षा घेतली तेव्हा तिला तीन उमेदवार बसले आणि तिघेही नापास झाले. अमेरिकेची ‘टोफेल’ १९६४ पासून आणि ‘आयेल्ट्स’ १९८९ पासून सुरू आहे. आयेल्ट्सचे गुण शून्य ते नऊ या पट्टीवर देतात. पुष्कळ विद्यापीठे साडेसहाच्या आसपास मागतात आणि थोडे कमी पडलेल्याला सशर्त प्रवेश देऊन सत्रपूर्व अभ्यासक्रमाला पाठवतात. मूळचा हेतू विद्यार्थ्याला अभ्यास झेपेल की नाही हे पाहण्याचा होता. आता तीच परीक्षा व्हिसाचीही अट झाली आहे. अमेरिकेच्या नियमानुसार भाषा शिकण्यासाठी एफ-१ व्हिसावर आलेल्याने वर्गातील अध्यापन मुख्य असेल तर आठवड्याला किमान १८ तास हजेरी लावावी लागते, आणि २०१० च्या कायद्याने अशा अभ्यासक्रमांना अधिस्वीकृती सक्तीची केली. ब्रिटनमध्ये २०१४ साली परीक्षाकेंद्रांवरील तोतयेगिरी उघड झाल्यावर हजारो परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द झाले, त्यांत निरपराधही भरडले गेल्याचे पुढे न्यायालयांत दिसून आले. भाषाशिक्षकाने कळत नकळत सीमेवरच्या पहारेकऱ्याचे काम पत्करले आहे, आणि ते त्याला शोभत नाही.

या अभ्यासक्रमांचे नशीब दूरच्या राजधान्यांत ठरते. १९७०च्या दशकात अमेरिकेतील वर्ग इराणी विद्यार्थ्यांनी भरले होते, १९७९ च्या क्रांतीनंतर तो ओघ आटला. २००५ पासून सौदी अरेबियाच्या सरकारी शिष्यवृत्त्यांनी तेच वर्ग पुन्हा भरले आणि दहा-अकरा वर्षांनी शिष्यवृत्तीचे नियम कडक होताच रिकामे केले. पुढे २०२० मध्ये महासाथ आली. विद्यार्थी आले की कॉलेजाला फी मिळते, ओसरले की सर्वांत आधी या विभागाला कात्री लागते. येथील शिक्षक बहुधा कंत्राटी असतात, येथील तासांचे श्रेयांक पदवीत धरले जात नाहीत, आणि इतर विभाग याकडे दुरुस्तीची शाळा म्हणून पाहतात. उपयोजित भाषाविज्ञानाचे कितीतरी सिद्धांत ज्या वर्गांतून निघाले त्यांना विद्यापीठाच्या पंगतीत अजूनही शेवटचे पान मिळावे, हा ज्ञानव्यवहारातला पंक्तिप्रपंच म्हटला पाहिजे.

हा विषय केवळ गोऱ्यांच्या देशांचा नाही. फर्ग्युसन कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या शां. ब. मुजुमदार यांनी, काविळीने आजारी असलेल्या मॉरिशसच्या एका विद्यार्थ्याला खिडकीतून डबा दिला जात असल्याचे पाहिले आणि परदेशी मुलांचे एकटेपण त्यांच्या मनाला लागले. त्यातून १९७१ मध्ये पुण्यात सिंबायोसिस उभी राहिली. आफ्रिका आणि पश्चिम आशियातून पुण्याला येणाऱ्या विद्यार्थ्यांना येथील इंग्रजी माध्यम पेलावे म्हणून भाषेचे वर्ग लागतात, आणि हैदराबादला १९५८ मध्ये स्थापन झालेली, आज इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटी म्हणून ओळखली जाणारी संस्था भारत सरकारच्या योजनेखाली अनेक देशांतील लोकांना इंग्रजी शिकवत आली आहे. अरबी माध्यमातून शिकलेल्या मुलाला पुण्यात किंवा हैदराबादला इंग्रजी शिकवणारा शिक्षक मराठी किंवा तेलुगू मातृभाषेचा असतो, उच्चारांवर त्याच्याही घरच्या भाषेची छाप असते, आणि शिकणाऱ्याचे त्यावाचून काही अडत नाही.

पुण्यातच आणखी एक विद्यार्थी असतो. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली सांगली-साताऱ्याकडची मुलगी अकरावीच्या विज्ञान वर्गात येते तेव्हा भाषेच्या दृष्टीने तीही परदेशीच असते. कमिन्स यांचे दोन थर तिलाही लागू आहेत, ५७० शब्दकुले तिच्याही वाटेत उभी आहेत. फरक इतकाच की ती स्वतःच्या राज्यात असल्यामुळे तिची पातळी कोणी तपासत नाही, तिच्यासाठी सत्रपूर्व आठवडे नसतात आणि ‘बाय द वे’ला लेखणी खाली ठेवायची असते हे तिला कोणी सांगत नाही. प्रकाशसंश्लेषणाची क्रिया तिला पायरी-पायरीने येत असते, वर्गात ‘फोटोसिंथेसिस’ हा शब्द आला की ती दचकते. पहिले काही महिने तिच्या वहीत इंग्रजी संज्ञा देवनागरीत उतरवलेल्या असतात आणि समासात, पेन्सिलीने, शाळेतला मराठी शब्द.